पाचातला एक शॉट बाहेर: पॉइंट टू-टू स्पोर्ट पिस्तुलात वारंवार उद्भवणारा दोष आणि त्याचा शोध

नाशिकमध्ये आम्ही ज्या रेंजवर सराव करतो, तेथे दर वर्षी दिवाळीनंतर एकच तक्रार कानावर येते. पॉइंट टू-टूच्या, म्हणजे ०.२२ इंच व्यासाच्या गोळीच्या, स्पोर्ट पिस्तुलाने २५ मीटरवर पाच शॉटची मालिका घेतली, की चार छिद्रे टार्गेटच्या मध्याजवळच्या दहा आणि नऊ गुणांच्या वर्तुळात नीट एकत्र बसतात आणि उरलेले एक एकाएकी सातात जाते. साइटचे, म्हणजे नेम धरण्याच्या खुणेचे, क्लिक फिरवले तर चारांचा ग्रूप सरकतो, पण बाहेरचा शॉट बाहेरच राहतो. काही आठवडे हा दोष नाहीसा झाल्यासारखा वाटतो आणि मग पुन्हा येतो. अशा वेळी नेमबाज नळीवर संशय घेतो, काडतुसांचा ब्रँड बदलतो, ट्रिगर हलका करून घेण्याचा विचार करतो, आणि पुष्कळ पैसे खर्च झाल्यावरही तो एक शॉट तेथेच जात राहतो.

गेल्या हिवाळ्यात महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी असेच पिस्तूल घेऊन माझ्याकडे आली. २०१८ च्या जकार्ता-पालेमबांग आशियाई स्पर्धेत राही सरनोबत यांनी २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवल्यापासून या प्रकाराकडे वळलेल्या मुलींपैकी ती एक. पिस्तूल तिने एका ज्येष्ठ नेमबाजाकडून रीतसर परवान्यावर घेतलेले होते. तिचा पहिला प्रश्न होता, "काका, नळीच गेली असेल का हो? नवी बसवायला किती लागतील?" मी सातपूरच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये तीस वर्षे काम केले आहे आणि तेथे अंगवळणी पडलेली सवय अशी, की मोजल्याशिवाय कोणताही भाग दोषी धरायचा नाही. त्या सवयीनेच आम्ही हा शोध घेतला, आणि तो जसा घेतला तसाच येथे लिहीत आहे.

आधी एक मर्यादा स्पष्ट करतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्रांची दुरुस्ती आणि त्यांत फेरबदल करण्याच्या कामासाठी परवाना लागतो. नळी, चेंबर (नळीचा काडतूस बसण्याचा भाग), फायरिंग पिन आणि ट्रिगरच्या आतील सिअर (हॅमर अडवून धरणारा खटका) यांना घरी कानस लावणे बेकायदेशीर ठरू शकते आणि धोकादायक तर ते आहेच. ती कामे परवानाधारक कारागिराची किंवा उत्पादकाच्या सेवाकेंद्राची आहेत. नेमबाजाने स्वतः हात घालावा असे क्षेत्र म्हणजे मूठ, साइट, बाहेरचे स्क्रू, स्वच्छता, काडतुसांची निवड आणि उत्पादकाने मुद्दाम दिलेले समायोजनाचे स्क्रू. अचूकतेचे बहुतेक प्रश्न या क्षेत्रातच सुटतात, असा माझा अनुभव आहे. कोणतेही काम करण्यापूर्वी मॅगझिन काढावे, चेंबर डोळ्यांनी पाहावे, चेंबर रिकामे असल्याची खूण म्हणून सेफ्टी फ्लॅग घालावा आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत.

पहिले दोन आठवडे आम्ही एकही स्क्रू फिरवला नाही. तिला एक वही ठेवायला सांगितली आणि प्रत्येक शॉटमागे पाच गोष्टी लिहायला सांगितल्या: मालिकेतील कितवा शॉट, कोणते मॅगझिन, काडतुसाचा लॉट (एकाच वेळी तयार झालेला गट), रेंजवरील तापमान, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे छिद्र दाखवणाऱ्या मॉनिटरकडे पाहण्यापूर्वी तिने केलेला कॉल, म्हणजे शॉट सुटण्याच्या क्षणी साइट जशा दिसल्या त्यावरून गोळी कोठे गेली असावी याचा अंदाज. हा कॉलच खरा निवाडा करतो. "खाली डावीकडे आठ" असा कॉल आला आणि छिद्रही तेथेच असले, तर दोष हाताचा आहे आणि तो सरावाने सुटतो. कॉल दहाचा आणि छिद्र सातात, तर मात्र पिस्तूल, काडतूस किंवा मूठ यांच्यापैकी कोणीतरी हातापासून काहीतरी लपवत आहे असे समजावे. ज्यांना कॉल करता येत नाही त्यांनी पिस्तुलात कोणताही बदल करण्यापूर्वी तो शिकावा. बदलाचा उपयोग झाला की नाही हे त्यांना अन्यथा कळणारच नाही.

वहीतला शॉटचा क्रमांकही बरेच सांगतो. स्वयंचलित भरणाऱ्या पिस्तुलात पहिले काडतूस हाताने बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा सरकता भाग, सोडून चेंबरमध्ये जाते आणि पुढची चार यंत्रणेच्या पूर्ण वेगाने जातात, त्यामुळे काही पिस्तुलांचा पहिलाच शॉट नियमितपणे वेगळा पडतो. तसे आढळल्यास बोल्ट हळूच पुढे नेण्याची सवय सोडून तो प्रत्येक वेळी पूर्ण मागे ओढून सोडून द्यावा. बाहेरचे शॉट एकाच मॅगझिनचे असतील तर त्या मॅगझिनचे ओठ, म्हणजे काडतूस धरणाऱ्या वरच्या कडा, वाकलेले असण्याची शक्यता असते, म्हणून मॅगझिनांवर क्रमांक घालून ठेवणे हे पाच मिनिटांचे काम प्रत्येकाने करावे. या मुलीच्या वहीत मात्र पहिला, तिसरा, पाचवा असे कोणतेही शॉट बाहेर गेलेले होते आणि दोन्ही मॅगझिनांचा वाटा सारखाच होता. दोन गोष्टी मात्र डोळ्यांत भरत होत्या. बाहेरचे जवळजवळ सगळे शॉट घड्याळातील सात ते आठ या दिशेला होते, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक शॉटचा कॉल दहा किंवा नऊ होता.

येथे थोडे गणित करणे आवश्यक आहे, कारण संशय कोणावर घ्यायचा हे त्यावरूनच ठरते. २५ मीटरच्या प्रिसिजन टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास ५० मिलिमीटर असतो आणि त्यापुढचे प्रत्येक वर्तुळ ५० मिलिमीटरने मोठे होत जाते, म्हणजे सातातला शॉट केंद्रापासून साधारण ७५ ते १०० मिलिमीटर दूर असतो. नियमांनुसार पुढची आणि मागची साइट यांतील अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर असू शकते. २५ मीटरला या अंतराने भागले तर सुमारे ११४ येतात. साइटरेषेत ०.१ मिलिमीटरची चूक, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीएवढी चूक, टार्गेटवर ११ मिलिमीटर होऊन उमटते, आणि सातात जाण्यासाठी साइटरेषा सुमारे पाऊण मिलिमीटरने चुकावी लागते. याउलट हात संपूर्णपणे समांतर १० मिलिमीटर सरकला तर गोळीही फक्त १० मिलिमीटरच सरकते. म्हणून हाताच्या हलण्यापेक्षा साइट एकमेकींशी जुळलेल्या असणे शतपटीने महत्त्वाचे आहे, असे प्रशिक्षक जे घोकून घेतात त्याचे कारण हे.

हेच गणित काडतुसाला लावून पाहिले. पिस्तुलातून गोळी सेकंदाला ३०० मीटर वेगाने सुटते असे धरले आणि एखादे काडतूस १० मीटरने मंद निघाले, तर २५ मीटरवर केवळ गुरुत्वाकर्षणामुळे ती सुमारे अडीच मिलिमीटरच अधिक खाली पडेल. पिस्तूल उसळत असताना गोळी नळीत किती वेळ राहते यामुळे आणखी काही फरक पडतो, पण एवढ्याने शॉट दहातून सातात जाणार नाही. त्यामुळे महागड्या काडतुसांच्या पेट्या मागवण्याचा तिचा विचार मी तूर्त थांबवला.

मग पिस्तुलाची स्वतंत्र चाचणी घेतली. रेंज अधिकाऱ्यांच्या परवानगीने वाळूच्या पिशवीवर मनगट आणि फ्रेमचा खालचा भाग टेकवून, नळी कशालाही न टेकवता, एकाच लॉटची दहा काडतुसे सावकाश झाडली. सगळी छिद्रे दहाच्या वर्तुळात बसली. नळी निर्दोष ठरली, आणि नव्या नळीचा खर्च त्या क्षणी वाचला. जे पिस्तूल टेकवून दहा मारते आणि हातात आले की सात मारते, त्याचा दोष हात आणि फ्रेम यांच्या मधल्या भागात शोधावा. तो भाग म्हणजे मूठ.

स्पोर्ट पिस्तुलाची मूठ सहसा अक्रोडाच्या लाकडाची असते, आणि नाशिकच्या हवेत लाकूड वर्षभर एकसारखे राहत नाही. जून ते सप्टेंबर या महिन्यांत ते ओलावा पिऊन फुगते. दिवाळीनंतर कोरडे वारे सुरू झाले, की ते आकसते आणि मार्च-एप्रिलच्या उन्हापर्यंत आकसतच राहते. मुठीचा स्क्रू पावसाळ्यात घट्ट वाटतो, कारण फुगलेले लाकूडच त्याला ताणून धरते. तेच लाकूड आकसले, की स्क्रू तसाच राहून सांधा सैल होतो. दोष दिवाळीनंतर का येतो याचे उत्तर मला येथेच मिळाले. तिच्या पिस्तुलाचा स्क्रू मी तपासला तेव्हा तो पाव फेरी फिरला, आणि तो आवळल्यानंतरही फ्रेम एका हाताने धरून मूठ दुसऱ्या हाताने पिळली तर अतिशय बारीक हालचाल बोटांना जाणवत होती.

एवढ्याशा हालचालीने इतका फरक का पडावा, हा प्रश्न रास्त आहे. २५ मीटर प्रकारात ट्रिगरचे किमान वजन १००० ग्रॅम असावे लागते आणि पिस्तुलाचे कमाल वजन १४०० ग्रॅमपर्यंतच चालते. म्हणजे बोट पिस्तुलावर जवळजवळ पिस्तुलाच्याच वजनाएवढा जोर लावत असते. साइट जुळवून नेम धरला तेव्हा मूठ सांध्याच्या एका बाजूला टेकलेली असते. बोटाचा जोर वाढत गेला की ती दुसऱ्या बाजूला टेकते, आणि हे नेमके शॉट सुटण्याच्या क्षणी घडते. उजव्या हाताच्या नेमबाजाच्या बाबतीत हा धक्का बहुधा खाली-डावीकडे जातो. डोळ्याला शेवटचे दिसलेले चित्र योग्य असते, कॉल दहाचा येतो आणि छिद्र सातात पडते.

दुरुस्ती टूलरूमच्या पद्धतीने केली. मूठ काढून फ्रेमच्या बसणाऱ्या पृष्ठभागावर मार्किंग ब्लूचा, म्हणजे पृष्ठभाग कोठे टेकतो ते दाखवणाऱ्या निळ्या रंगाचा, अगदी पातळ हात दिला, मूठ बसवून स्क्रू आवळला आणि पुन्हा काढली. लाकडाच्या आतल्या बाजूला निळा रंग फक्त दोन ठिकाणी उमटला होता: वर मागच्या कोपऱ्यात आणि खाली स्क्रूजवळ. मधला सगळा भाग अधांतरी होता. मूठ दोन बिंदूंवर झोका घेत होती आणि स्क्रू कितीही आवळला तरी तिचा झोका थांबणे शक्य नव्हते. असा स्क्रू जोर लावून आवळत राहिल्यास लाकडाला चीर जाते, म्हणून तो मोह आवर्जून टाळावा.

उंच राहिलेले दोन बिंदू बारीक सँडपेपरने अगदी थोडे उतरवले. फ्रेमला मेणाचा पातळ थर दिला, म्हणजे चिकटणार नाही, आणि अधांतरी भागात दोन घटकांचे इपॉक्सी पुट्टी भरून मूठ हलक्या हाताने बसवून रात्रभर ठेवली. पुट्टी ट्रिगरच्या दांड्यात किंवा मॅगझिनच्या मार्गात जाणार नाही याची काळजी येथे सर्वाधिक घ्यावी लागते. आम्ही त्या पोकळ्या आधी क्लेने बुजवून घेतल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा ब्लू लावून पाहिले तेव्हा रंग सर्वत्र समान उमटला. लाकडाची आतील बाजू आणि विशेषतः रेषांना आडवी कापलेली टोके बहुतेक मुठींमध्ये उघडी सोडलेली असतात आणि ओलावा तेथूनच शिरतो, म्हणून तेथे जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात दिले आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू दिला.

मूठ फ्रेमवर स्थिर झाल्यावरच ती हातात नीट बसते की नाही हे पाहण्यात अर्थ आहे. डोळे मिटून पिस्तूल उचलावे, मनगट न हलवता डोळे उघडावेत, आणि पुढची साइट मागच्या खाचेच्या मध्यभागी आपोआप आली आहे का ते पाहावे. दहापैकी आठ-नऊ वेळा ती एकाच बाजूला सरकलेली दिसली, तर मनगटाने ती रोज ओढून मध्यभागी आणावी लागते, आणि सामन्यातील तिसाव्या शॉटपर्यंत थकलेले मनगट हे काम सोडून देते. मुठीचा आकार बदलताना थेट पुट्टी वापरू नये. आधी क्ले किंवा वैद्यकीय चिकटपट्टीचे थर लावून निदान चार-पाच सराव करावेत, वहीत नोंद करावी, आणि फायदा टिकला तरच कायमचा भर घालावा. लाकूड कोरून काढण्यापेक्षा भर घालणे नेहमी सुरक्षित असते, कारण भर काढता येतो. ट्रिगरचे बोट मुठीच्या लाकडाला कोठेही घासता कामा नये. तेथे कागदाची पट्टी मोकळेपणी सरकली पाहिजे.

हे करताना नियम विसरू नयेत. २५ मीटरचे पिस्तूल ३००, १५० आणि ५० मिलिमीटर मापांच्या पेटीत बसले पाहिजे, मुठीचा कोणताही भाग हाताला वेढा घालणारा नसावा, आणि मनगट पूर्ण मोकळे राहिले पाहिजे. हौसेने भर घातलेल्या मुठी उपकरण तपासणीत अडकलेल्या मी पाहिल्या आहेत आणि सामन्याच्या सकाळी तेथेच उभे राहून लाकूड तासणाऱ्या मुलांची अवस्था पाहवत नाही.

मूठ सुधारल्यानंतरच्या दोन आठवड्यांत कॉल न जुळणारे शॉट जवळजवळ थांबले. तरीही एक शंका उरली होती, म्हणून मागची साइट तपासली. पिस्तूल लाकडी जबड्यांच्या शिकंजात हळुवार धरून साइटच्या पात्याला बारीक हालचाल मोजणारा डायल गेज टेकवला आणि बोटाने दोन्हीकडे दाबले. काटा ०.०५ मिलिमीटर हलला, म्हणजे टार्गेटवर साडेपाच मिलिमीटरच्या आसपास. दोष लहान होता, पण फुकट दवडलेले साडेपाच मिलिमीटर कोणी का सोडावेत? साइटच्या तळाचा स्क्रू काढून, तेल पुसून, मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रावणाचा) एक थेंब देऊन तो बसवला. जास्त ताकदीचे द्रावण येथे वापरू नये, कारण नंतर स्क्रू काढताना त्याचे डोके जाते. साइटच्या कडा वापराने चकाकू लागल्या होत्या. चकाकणारी कड बाजूच्या प्रकाशात सरकल्यासारखी दिसते आणि सकाळ-संध्याकाळच्या ग्रूपमध्ये फरक पडतो. त्यावर कापराच्या काजळीचा जुना उपाय आजही उत्तम आहे. रिकामे पिस्तूल, काडतुसे आणि तेल दूर ठेवून, जळत्या कापराच्या धुरावर साइट क्षणभर धरली की ती मखमलीसारखी काळी होते.

ट्रिगरच्या बाबतीत मी फार थोडे करू देतो. नळी उभी धरून ट्रिगरच्या मध्यावर १००० ग्रॅमचे वजन लटकवावे आणि ते उचलले जाते का पाहावे. तपासणीत हेच केले जाते. वजन नेमके हजारावर ठेवले तर झिजेमुळे ते केव्हा घसरेल सांगता येत नाही, म्हणून वीस-तीस ग्रॅम अधिक ठेवावेत. शॉट सुटल्यानंतर ट्रिगर मागे जितका जातो ती चाल थांबवण्याचा स्क्रू बहुतेक पिस्तुलांत असतो, आणि तिच्या पिस्तुलात तो फार सैल होता. तो अर्धी फेरी आत घेतल्यावर शॉटनंतर बोटाचा धक्का कमी झाला. हा स्क्रू गरजेपेक्षा आत गेल्यास हॅमर सुटताना सिअरला घासतो, त्यामुळे तो जेथे अडतो तेथून नेहमी थोडा मागे घ्यावा. कोणत्याही समायोजनानंतर रिकामे पिस्तूल कॉक करून फ्रेमवर रबरी हातोडीने हलके टपले मारावेत आणि हॅमर जागीच राहतो याची खात्री करावी. ती खात्री पटेपर्यंत काडतूस भरू नये.

ड्राय फायर, म्हणजे काडतूस न भरता ट्रिगर दाबण्याचा सराव, याविषयी एक सूचना आवश्यक वाटते. पॉइंट टू-टूच्या रिमफायर काडतुसाचे प्रज्वलक मिश्रण बुडाच्या कडेत असते आणि पिन ती कड चेंबरच्या धारेवर चेपते. चेंबर रिकामे असताना काही जुन्या पिस्तुलांत पिन थेट त्या धारेवर आपटते, तेथे खाच पडते आणि पुढे काडतूस नीट आत जात नाही किंवा पेटत नाही. ज्या पिस्तुलात ड्राय फायरची वेगळी सोय नाही, त्यात प्लास्टिकचा प्लग घालूनच सराव करावा.

काडतुसांचे आता शेवटी. एकाच नावाच्या काडतुसांचे दोन लॉट एकाच नळीतून वेगळे ग्रूप देतात, म्हणून ब्रँडपेक्षा लॉटची चाचणी घ्यावी, आणि मोसमासाठी चांगला ठरलेला लॉट एकदमच घ्यावा. गोळीवर मेणासारखे वंगण असते. जानेवारीच्या सकाळी रेंजवर गारठा असतो तेव्हा ते कडक होते. काडतुसांची पेटी गाडीत रात्रभर न ठेवता घरातून न्यावी. उन्हाळ्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ती मुळीच ठेवू नये. जमिनीवर पडलेले काडतूस पुन्हा वापरू नये, कारण वंगणाला चिकटलेली धूळ थेट नळीत जाते. नळी साफ केल्यानंतर पहिले पाच-दहा शॉट वेगळे पडतात, कारण आतला वंगणाचा थर पुन्हा बसावा लागतो. म्हणून सामन्याच्या आदल्या रात्री नळी चकचकीत करण्याचा उत्साह दाखवू नये. चेंबरच्या पुढे शिसे आणि काजळी यांचे जे कडे साचते ते मात्र वेळोवेळी मऊ ब्रश आणि कापडाने काढावे. स्टीलचा ब्रश नळीत घालू नये.

यंदाच्या जुलैमध्ये दोष उलट्या बाजूने आला. मॅगझिन सहज खाली पडेनासे झाले, कारण लाकूड फुगून मुठीची एक कड मॅगझिनला दाबू लागली होती. कड कानसने झिजवावी असा तिचा पहिला विचार होता, पण तसे केले असते तर दिवाळीनंतर तेथे पुन्हा मोकळी जागा पडली असती. आम्ही मूठ काढून घरात कोरड्या जागी सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात आठवडाभर ठेवली, उघड्या राहिलेल्या एका कडेला तेलाचा आणखी एक हात दिला आणि मूठ परत बसवली. मॅगझिन पुन्हा मोकळेपणी पडू लागले. आता तिच्या वहीत दोन तारखांना ठळक खूण आहे. एक मृग लागतो तो दिवस, आणि दुसरी खंडेनवमी. त्या दिवशी पूजेसाठी पिस्तूल पेटीतून बाहेर निघतेच, म्हणून हळदकुंकू वाहण्यापूर्वी ती मूठ काढते, ब्लूचा हात देते आणि सांधा तपासून मगच ते पाटावर ठेवते.